न उगवलेला पट्टा

१

पेरणीला अकरा दिवस झाले होते आणि मधला पट्टा काळाच होता. दोन्ही बाजूंना नेहमीच्या वाणांची ज्वारी चार बोटं वर आली होती. मध्ये मात्र दोन एकरांत एक पातं नव्हतं. वाघोलीच्या नव्या इमारती त्या उघड्या जमिनीपलीकडे अंगावर आल्यासारख्या दिसत होत्या.

मंदाकिनी फाटक बांधावरून खाली उतरल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि बोटाने माती उकरली. दोन इंचांवर दाणा सापडला. फुगून कुजायला लागला होता, पण मोड नव्हता. त्यांनी दुसरा उकरला, तिसरा उकरला. सगळे तसेच.

मंदाकिनीबाईंनी आयुष्यभर बीच तपासलं होतं. बीज परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या, आणि बियाण्याच्या भानगडीत ज्यांना पोलीस नको असत, ते त्यांना फोन करत. या वेळी फोन आला होता या धान्य संशोधन केंद्राचे संचालक विक्रम शितोळे यांचा.

न उगवलेलं बी साधंसुधं नव्हतं. रब्बी ज्वारीचा हा नवा वाण तयार करायला केंद्राला सोळा वर्षं लागली होती. त्याला अजून नाव नव्हतं. सगळे त्याला तेरा नंबर म्हणत. पाऊस गेला, विहीर आटली, शेजारची ज्वारी वाळून गेली तरी तेरा नंबर उभा राहायचा आणि कणीस भरायचा. पुढच्या महिन्यात वाणाला मान्यता देणाऱ्या समितीची बैठक होती. सगळं बी म्हणजे चाळीस किलो, चार पिशव्यांत, केंद्राच्या शीतगृहात. त्यातलं थोडं वाढवण्यासाठी इथे पेरलं होतं. उरलेल्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवून पाहिले, तर एकालाही मोड आला नाही.

शितोळ्यांनी दोषी शोधून ठेवला होता. ऑगस्टमध्ये शीतगृहाचं यंत्र नऊ दिवस बंद होतं, आणि शेतावरचा मुकादम जयसिंग भाडळे याने त्याची नोंद केली नव्हती. बी त्यामुळेच मेलं, असं म्हणून जयसिंगला कालच घरी बसवलं होतं. मार्चमध्ये तो निवृत्त व्हायचा होता.

"मग मला कशाला बोलावलंत?" मंदाकिनीबाईंनी बांधावर उभ्या असलेल्या शितोळ्यांना विचारलं.

समितीला बाहेरच्या तज्ज्ञाचा अहवाल लागतो, असं शितोळे म्हणाले.

"म्हणजे निकाल लागलाय, फक्त सही राहिलीय."

मंदाकिनीबाईंनी त्यांनी सोबत आणलेल्या बियाण्याच्या पिशवीतला एक दाणा तोंडात टाकला, दाताखाली फोडला, थोडा वेळ चघळला आणि रुमालात थुंकला.

"शितोळे, सही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र बंद पडल्याने हे बी मेलेलं नाही."

२

ज्वारी साध्या पत्र्याच्या डब्यात वर्ष-दीड वर्ष जिवंत राहते. नऊ दिवसांच्या उकाड्याने तिचं काही बिघडत नाही. कुणी मुद्दाम भट्टीत भाजून मारली, असं म्हणावं, तर भाजलेला दाणा मेला तरी चवीला ताजा असतो. हा दाणा खवट होता. दाण्याच्या अंकुरात तेल असतं, आणि ते असं खवट व्हायला वर्षं जावी लागतात. शिवाय पिशवीच्या तळाशी, शिवणीत, मंदाकिनीबाईंना वाळक्या कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा सापडला. शीतगृहात किडे नसतात, त्यामुळे तिथे कुणी पाला घालत नाही. हे बी कुठल्यातरी साध्या खोलीत, फार दिवस पडून होतं.

शीतगृहाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक जयसिंगकडे. दुसरी डॉ. श्यामसुंदर परचुरे यांच्याकडे. त्यांनीच तेरा नंबर तयार केला होता आणि आणखी दोन महिन्यांनी तेही निवृत्त होणार होते. तिसरी त्यांच्या हाताखालच्या डॉ. अपूर्वा लिमये हिच्याकडे.

जयसिंग त्याच्या घराच्या ओट्यावर बसला होता. भावांनी जमिनी विकून मजले चढवले होते. हा एकटाच सायकलवरून केंद्रावर जात राहिला. मंदाकिनीबाईंना पाहून तो उठला आणि उभाच राहिला.

"यंत्राचं लिवलं न्हाय, ती चूक माझी हाय," तो म्हणाला. "पर बाई, तीस वर्सं त्या मातीत काढली. त्या बियाला मी हात लावीन व्हय?"

पाचव्या दिवशी काही उगवलं नाही तेव्हा त्याने स्वतः पाइप ओढून पट्ट्याला पाणी दिलं होतं. सातव्या दिवशी पुन्हा दिलं. आठव्या दिवशी पिशवीत उरलेलं बी घेऊन तोच प्रयोगशाळेत गेला, तपासा म्हणाला. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. तो कुणीच प्यायलं नाही.

अपूर्वाशी बोलणं सोपं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती केंद्रात आली, तेव्हापासून तिचा स्वतःचा एक वाण परचुऱ्यांच्या तेरा नंबरमागे अडकून पडला होता. जुलैमध्ये त्या दोघांचं भांडण झालं होतं आणि ते सगळ्या मजल्याने ऐकलं होतं. ती हे काही लपवत नव्हती.

"मला माहितीये सगळे माझ्याकडे बघताहेत," ती म्हणाली. "मॅडम, मला पहिल्यांदा वाटलं कुणीतरी खरं बी काढून मार्केटमधली ज्वारी भरलीय. म्हणून मी स्वतःच डीएनए टेस्ट केली. मला कुणी सांगितलं नव्हतं."

तिने कागद पुढे केला. पिशवीतलं बी बाजारातलं नव्हतं. तो तेरा नंबरच होता, शंभर टक्के.

मंदाकिनीबाईंनी कागद दोनदा वाचला. बी त्याच वाणाचं होतं, आणि तरीही ते पिशवीत मूळ भरलेलं बी नव्हतं.

३

त्याचा अर्थ एकच होता. कुणीतरी यंदाचं जिवंत बी काढून घेतलं होतं आणि त्याच वाणाचं कित्येक वर्षं जुनं, मेलेलं बी त्या जागी भरलं होतं. बी आपसूक मेलं असं सगळ्यांना वाटावं, चोरीचा संशयही येऊ नये, म्हणून.

जुनं बी होतं कुठे? मंदाकिनीबाई दुपारभर नोंदवह्या घेऊन बसल्या. एका जुन्या वहीत सापडलं: तेरा नंबरचं पहिलं मोठं पीक, पंचेचाळीस किलो, दहा वर्षांपूर्वीचं. तीन वर्षांनी शेरा होता, 'कालबाह्य, नष्ट केले'. त्याखालची सही त्यांच्या ओळखीची होती.

श्यामसुंदर परचुरे नोकरीला लागले तेव्हा बी चिरून बघायला त्यांना मंदाकिनीबाईंनीच शिकवलं होतं. बाईंचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा या माणसाने रोज स्वतः डबा आणला होता, आणि एका शब्दाने कधी ते दाखवलं नव्हतं. मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून पुसला, आणि सही दुसऱ्या कुणाची निघेल या आशेने पुन्हा पाहिली.

त्यांनी इतरांचा विचार नीट करून पाहिला. संचालकांकडे किल्ली नव्हती. अपूर्वा केंद्रात येण्याआधीच जुनं बी कागदोपत्री संपलं होतं. शिवाय गुन्हा तिचा असता, तर ज्या तपासणीने जुन्या बियाण्याचा माग लागला ती तिने केलीच नसती. जयसिंगला जुन्या बियाण्याची माहिती असू शकत होती. पण बी मेलेलं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याला दोनदा पाणी कशाला देईल? आणि उरलेली पिशवी गुपचूप रिकामी करायची सोडून प्रयोगशाळेत कशाला नेईल?

आणखी एक गोष्ट होती. नव्या वाणाचा नमुना राष्ट्रीय बीजपेढीत ठेवायला पाठवतात, म्हणजे इथे काही झालं तरी वाण बुडत नाही. परचुऱ्यांनी जूनमध्येच सगळ्यांना सांगितलं होतं की नमुना पाठवला. मंदाकिनीबाईंनी पेढीत फोन लावला. तिथे तो पोचलाच नव्हता.

राहिलं कारण. सोळा वर्षं ज्याला वाढवलं, त्याला माणूस का बुडवेल? त्यांनी अपूर्वाला पुन्हा बोलावलं आणि जुलैचं भांडण नेमकं कशावरून झालं ते विचारलं.

वैरणीवरून, ती म्हणाली. तेरा नंबर पाच गावांत शेतकऱ्यांच्या रानात लावून पाहिला होता. धान्याचे आकडे पाचही गावांचे होते. हिरव्या वैरणीचे मात्र चारच. पाचवं गाव माण तालुक्यातलं खरातवस्ती. ताटं तपासणीला पाठवू या, असं अपूर्वा म्हणाली आणि परचुरे तिच्यावर ओरडले. त्याआधी त्यांना ओरडताना कुणी पाहिलं नव्हतं.

खरातवस्तीच्या अहवालात परचुऱ्यांच्या अक्षरात एकच ओळ होती. 'मैना खरात यांची जनावरे फऱ्या रोगाने दगावल्याने वैरणीचे निरीक्षण करता आले नाही.'

मंदाकिनीबाईंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्या कर्वेनगरला परचुऱ्यांच्या घरी गेल्या.

४

जेवणाची वेळ होती. परचुरे वाळल्यासारखे दिसत होते, कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. "या बाई," एवढंच ते म्हणाले. कल्याणीवहिनींनी आग्रहाने पान वाढलं. आपण कुणाच्या घरी कशासाठी जेवायला बसलो आहोत, हे मंदाकिनीबाईंना घास उचलताना टोचत होतं.

पानात भाकरी होती. कल्याणीवहिनींनी स्वतःला मात्र डब्यातल्या कालच्या दोन घेतल्या, आणि दोन बोटांनी सहज मोडल्या. तुकडा कडेला तडकला नाही, मऊ सुटला.

"कालची आहे म्हणून सांगावं लागतं," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "पंधरा दिवस आम्ही हीच खातोय. कुणा शेतकऱ्याने ह्यांना दिली. आधी निम्मी दळून आणली, मग ते पीठ नातेवाइकांना वाटलं, परवा उरलेलीही दळून आणली. मी म्हटलं, अहो, एवढं पीठ कुठे ठेवू? पण ह्यांना काय घाई झाली होती कोण जाणे."

"कधी आणली?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"गणपती उठले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

समितीला पाठवलेल्या प्रस्तावात तेरा नंबरचा एक गुण ठळक अक्षरांत लिहिला होता: भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मंदाकिनीबाईंनी तो प्रस्ताव आदल्या दिवशीच वाचला होता. त्यांनी मान वर केली. परचुरे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले.

५

गॅलरीत परचुरे कठड्याला धरून उभे राहिले. मंदाकिनीबाई बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी हळूहळू सांगितली. त्या साली माणमध्ये पाऊस फिरकलाच नाही. कोवळ्या ज्वारीत विष असतं हे तिकडे लहान मुलांनाही माहीत असतं. ज्वारी कमरेएवढी झाली की ते ओसरतं, आणि मग जनावर सोडायला हरकत नसते. मैना खरातने तेवढं थांबून, कमरेएवढ्या तेरा नंबरमध्ये आपल्या दोन म्हशी आणि गाय सोडली. संध्याकाळपर्यंत तिन्ही गेली. परचुरे दुसऱ्या दिवशी तिथे पोचले. ताटं गुपचूप पुण्याला आणून त्यांनी स्वतः तपासली. पाण्याचा ताण बसला की तेरा नंबरमधलं विष कणीस बाहेर पडेपर्यंत उतरत नव्हतं. ज्या गुणाने तो दुष्काळात तग धरायचा, त्याच्याशीच ते बांधलेलं होतं. दाण्यात काही नव्हतं, कडब्यात काही नव्हतं. पण उभं हिरवं पीक मारत होतं.

"चौदा वर्षं झाली होती, बाई," ते म्हणाले. "मी फऱ्या लिहिलं. तिलाही तेच सांगितलं. वाटलं, पुढच्या दोन वर्षांत हे विष काढून टाकू, कुणाला कळायच्या आत. नाही निघालं. तोवर शितोळ्यांनी प्रस्ताव पाठवला. खरं सांगायचं, तर आधीचं खोटंही कबूल करावं लागलं असतं. आणि गप्प बसून हे बी गावोगाव जाऊ द्यायचं, तेही जमेना."

जुनं बी त्यांनी कधी नष्ट केलंच नव्हतं. पहिलं पीक म्हणून जीव गुंतला होता. केंद्रातल्या आपल्या खोलीच्या माळ्यावर पिंपात पाला घालून ठेवलं होतं. तेच त्यांनी पिशव्यांत भरलं, आणि जिवंत बी घरी आणून दळलं. फेकलं असतं तर कुठेतरी उगवलं असतं.

"आणि जयसिंग?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

परचुऱ्यांचा चेहरा पडला. यंत्र बंद होतं हे त्यांना ठाऊक होतं, दोष यंत्रावर जाईल असं त्यांनी धरलं होतं. माणसावर जाईल असं मनात आलं नाही, असं ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले, कारण ते खरं नव्हतं.

मंदाकिनीबाईंनी पिशवीतून कोरे कागद काढले. परचुऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून तीन पानं लिहिली. कल्याणीवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नाही. जयसिंगचा काही संबंध नाही, ही ओळ मंदाकिनीबाईंनी सर्वांत वर लिहायला लावली.

कागदांची घडी घालताना त्यांचा हात थांबला.

"शेतकऱ्यांकडे गेलेलं बी?" त्या म्हणाल्या.

ते सगळं परत आणलं, परचुरे म्हणाले. कणसं मोजून आणली, पाचही गावांतली.

"परचुरे, सोळा वर्षं बी वाढवलंत. सगळं वाळलं असताना एकच पीक उभं राहिलं, तर त्यातली चार कणसं कुठली बाई बाजूला ठेवणार नाही?"

परचुऱ्यांनी टेबलावरचा फोन ओढला. यंदाही माणमध्ये पाऊस नव्हता.

६

फोन मैना खरातनेच उचलला. मंदाकिनीबाईंनी आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करायला लावला होता.

साहेबांचा फोन म्हणून तिला आनंद झाला. बोलायला ती थांबेचना. साहेब रागावणार नसतील तर सांगते, म्हणाली. ओंजळभर बी मी ठेवून घेतलं होतं, गेल्या साली परड्यात लावून पायलीभर केलं, आणि यंदा आखाडातच वस्तीवरच्या समद्यांना पेरायला दिलं.

"लई गुणाचं बी हाय, साहेब," ती म्हणाली. "बाकीच्यांची ज्वारी करपून गेली. ह्ये कमरेएवढं उभं हाय, हिरवंगार. चाराच न्हाई कुठं, म्हनून आजपासनं बांधाकडंचा पट्टा जनावरांस्नी मोकळा केलाय."

मंदाकिनीबाईंनी फोन परचुऱ्यांच्या आणखी जवळ सरकवला.

"मैनाबाई," ते म्हणाले, "जनावरं बाहेर काढा. सगळी. आत्ता. त्या हिरव्या ज्वारीत विष आहे. कणीस पडेपर्यंत राहतं ते. डॉक्टरांना बोलवा, ज्वारीची विषबाधा म्हणून सांगा."

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"म्हंजी माझी जनावरं फऱ्यानं न्हाई मेली," मैना म्हणाली.

"नाही."

"तुमास्नी तवाच ठावं हुतं?"

"हो."

फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, मग पळत्या पावलांचा. मग तिची हाक, एकेका माणसाचं नाव घेऊन, जोरात. मग आणखी लांबून. मग नुसता आवाज, शब्द कळेनासे झालेला. परचुरे फोनच्या दोन्ही बाजूंना हात टेकून बसले होते. कल्याणीवहिनी दारातून पुढे येऊन त्यांच्यामागे उभ्या राहिल्या, पण त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. फोन बंद करावा असं कुणालाच वाटलं नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी कुणीतरी तो उचलला. पुरुषाचा दमलेला आवाज होता. कोण बोलतंय, त्याने विचारलं. परचुऱ्यांनी नाव सांगितलं.

"चार पडल्यात," तो म्हणाला. "दोन थरथराय लागल्यात. बाकीची हाकलली. मैनाकाकू वरच्या वस्तीवर पळालीया, तिकडंबी हेच बी हाय."

परचुऱ्यांनी वरच्या वस्तीवर किती घरं आहेत ते विचारलं. फोन तोवर बंद झाला होता.